रविवारच्या गाडीत एक जागा

ताईला त्या समुद्रकाठच्या शहरात जायचं होतं, भर पावसाळ्यात जायचं होतं आणि एकटीला जायचं होतं. यातल्या पहिल्या दोन गोष्टी तिने घरात सांगितल्या. तिसरी जिभेवर आली आणि परत आत गेली. तिथेच सगळं घोडं पेंड खाऊ लागलं.

ताई एक्केचाळीस वर्षांची. धाकट्या भावाने बोबड्या तोंडाने तिला 'ताई' म्हणायला सुरुवात केली, मग जन्मदाते आई-बापही तिला ताईच म्हणू लागले, ते आजतागायत. एका चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत ती काम करायची. पुढे मालकाने गिऱ्हाइकाच्या गळ्यात महागातली फ्रेम मारायची, आणि मागे ताईने गोल काच फिरत्या चाकावर घासून त्या फ्रेमच्या आकाराची करायची. केसभर जास्त घासली की काच खुळखुळते, केसभर कमी घासली की बसवताना तडकते. एकोणीस वर्षांत तिच्या हातून तडकलेल्या काचा बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, आणि मालक त्या मोजायचाही.

शेजारच्या दवाखान्यात पूर्वी एक डोळ्यांची डॉक्टरीणबाई बसायची. तीन वर्षांपूर्वी ती त्या शहरात निघून गेली होती. तिचा एके दिवशी दुपारी फोन आला.

"आमच्या इस्पितळात काचा घासायचा स्वतंत्र विभाग काढतोय," ती म्हणाली. "तो तू सांभाळायचास. वर राहायला खोली आहे. पण आधी ये, आठ दिवस काम करून बघ, आणि पावसातच ये. इथे चार महिने कपडे वाळत नाहीत, भिंतींना घाम फुटतो, फ्रेमचे स्क्रू गंजतात आणि माणसं एकमेकांवर खेकसतात. हे सगळं बघून हो म्हणालीस तर तुझ्या 'हो'ला अर्थ. जमलं तर तशीच कामाला लाग, परत जायचीसुद्धा गरज नाही."

"खोली केवढी आहे?"

"एका माणसापुरती."

"दाराला आतून कडी आहे?"

डॉक्टरीणबाई हसली. "अगं, कुठल्या दाराला नसते?"

नसते. ताईच्या घरात तर नव्हतीच. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, आणि मधल्या बोळात ताईचा पलंग. हवा खेळती राहायला हवी म्हणून अण्णांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, मधली दारं कायमची उघडी ठेवलेली. स्वयंपाकघरात पाणी प्यायला जाणारा माणूस ताईच्या पायांना वळसा घालून जायचा आणि जाता जाता तिचं पांघरूण सारखं करायचा. कडी होती ती एकट्या न्हाणीघराला. तिथेही सात मिनिटं झाली की अण्णा बाहेर खाकरायचे आणि दहा मिनिटं झाली की दार वाजवायचे, "ताई, बरं आहे ना गं?"

आता याला काय म्हणणार? माया! कुणी शिवी दिली तर उलटून शिवी हासडता येते. पांघरूण सारखं करणाऱ्याला काय करायचं? ताई एक्केचाळीस वर्षं गुपचूप पांघरूण घेत आली होती. त्या फोनच्या दिवशी मात्र ते तिला जड व्हायला लागलं. खाली त्या विभागात ती दिवसाचे दहा तास काम करील आणि संध्याकाळी वर खोलीत जाऊन कडी लावील, एवढंच तिच्या डोक्यात घोळत राहिलं. आयुष्यात तिने काही मागितलं नव्हतं. हे मात्र तिला हवं होतं, अगदी जीव जाईल इतकं हवं होतं.

संध्याकाळी चहाच्या वेळी तिने विषय काढला. "त्या डॉक्टर बोलावतायत. आठ दिवस जाऊन यावं म्हणते. जरा बदल."

"पावसाळ्यात?" अण्णांनी कप खाली ठेवला.

"दुकानात आत्ताच काम कमी असतं. रजा आत्ताच मिळेल."

अण्णा विचारात पडले. ते चौतीस वर्षं बस डेपोत वेळापत्रकाच्या टेबलावर होते. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण टेबल काही डोक्यातून उतरलं नव्हतं. घरात दूध कधी तापवायचं हेसुद्धा ते आगमन-निर्गमनाच्या भाषेत बोलायचे. ताई त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

आणि तेवढ्यात आई म्हणाली, "अगं बाई, समुद्र! मी अजून समुद्र पाहिलेला नाही."

सहासष्ट वर्षांची बाई, आणि चेहरा असा उजळला होता की ताईला पुढचं वाक्य गिळावंच लागलं. अण्णा म्हणाले, "मग सगळेच जाऊ. एकटीने कुठे पावसापाण्यात जायचं? आम्ही काय मेलोय का?" आणि त्यांनी लगेच टेबलाच्या खणातून एक कोरी फाइल काढली. वर ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'सहल'.

झालं! ताईच्या आठ दिवसांना तिथून जी कीड लागली ती लागलीच.

अण्णांची काम करायची एक रीत होती. डेपोत परतीची वेळ नेमल्याशिवाय कुठलीही गाडी फाटकाबाहेर पडत नसे. "जाणारी गाडी कोणीही सोडेल," ते म्हणायचे, "परत येणारी नेमायला डोकं लागतं." म्हणून घरच्या प्रत्येक प्रवासाचा विचार ते शेवटाकडून करायचे. या वेळीही त्यांनी सुरुवात परतीपासून केली. सोमवारी परत यायचं, म्हणजे शनिवारी सामान बांधायचं, म्हणजे कपडे शुक्रवारी वाळलेले हवेत, म्हणजे गुरुवारी धुवायला हवेत, आणि पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, म्हणजे बुधवारी. असं करत करत ते उलटे निघाले.

त्यांनी एक तक्ता आखला. त्याला तीन रकाने. 'वेळ', 'काय करायचे' आणि 'हुकले तर'. तिसरा रकाना सगळ्यात रुंद. घाटात दरड पडली तर काय, पूल पाण्याखाली गेला तर काय, आईला गाडी लागली तर काय, छत्री उलटी झाली तर काय. जाताना एक दिवस राखीव, येताना एक दिवस राखीव, पोचल्यावर एक दिवस विश्रांती, एक दिवस कपड्यांचा, एक दिवस 'अनपेक्षित'. ताई रोज कामावरून आली की तक्ता थोडा आणखी भरलेला असायचा. एका संध्याकाळी तिने आपली ओळ शोधली. ती गुरुवारी सापडली.

'डॉक्टरांची भेट. दुपारी चार ते साडेपाच. सर्वांनी.'

"अण्णा, दीड तास?" तिचा आवाज चिरकला. "मला तिथे रोज जायचंय. दिवसभर."

"दिवसभर? दुसऱ्याच्या इस्पितळात? त्यांना त्यांची कामं नाहीत का?"

"आणि 'सर्वांनी' कशाला?"

"मग काय आम्ही बाहेर पावसात उभं राहायचं?"

ताई गप्प बसली. गप्प बसण्यात तिचा हात कुणी धरला नसता. आईने मात्र त्या महिन्यात घर डोक्यावर घेतलं होतं. तिने रबरी चपला आणल्या, घरात घालून चालून बघितल्या, फरशीवर पाणी ओतून घसरतात का तेही बघितलं. भांडी घासताना मध्येच हात थांबवून विचारायची, "ताई, समुद्रावर पाऊस पडतो तेव्हा आवाज कसा येत असेल गं? पाण्यावर पाणीच ना ते? मग येतच नसेल कदाचित." ताई म्हणायची, "मला काय माहीत, आई." आणि तिला आईचा राग यायचा, आणि राग आला म्हणून स्वतःची लाज वाटायची.

पंधरा दिवस असे गेले. मग डॉक्टरीणबाईचा पुन्हा फोन आला. "ताई, नक्की कर. येत्या बावीस तारखेला, सोमवारी सकाळी नऊला मला तू मशीनवर उभी हवी आहेस. आणखी एक जण आहे, तिलाही काम हवंय. तू आली नाहीस तर मी तिला घेईन. राग मानू नकोस हं."

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्या संध्याकाळी ताईने एका दमात सांगून टाकलं. सहल नाही, नोकरी आहे. आठ दिवसांची नाही, कायमची. बावीसला, सोमवारी सकाळी नऊला हजर व्हायचंय. वर खोली आहे. मला जायचंय.

आईने हातातला चमचा तसाच धरून ठेवला. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. तो चष्मा ताईनेच बसवलेला. ओरडतील, रडतील, बोलणं टाकतील, ती सगळ्याला तयार होती. तिने मनात उत्तरंसुद्धा पाठ केली होती.

अण्णा उठले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "एवढी मोठी गोष्ट, आणि इतके दिवस मनात ठेवलीस? वेडी कुठली!" त्यांचे डोळे भरून आले होते. "आम्ही तुझ्या आड येऊ असं वाटलं तुला?"

ताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. सुटले, असं तिला वाटलं. खरंच वाटलं. सुमारे अर्धा मिनिट.

"आपण सगळेच तिकडे राहायला जाऊ," अण्णा म्हणाले.

रात्रीच्या जेवणाआधी फाइलवरचं 'सहल' खोडून तिथे 'स्थलांतर' लिहिलं गेलं. हे घर भाड्याने द्यायचं, तिकडे इस्पितळाजवळ दोन खोल्या बघायच्या, मधल्या बोळात ताईचा पलंग बसेल अशा. बोळ! नव्या शहरातलं घर अजून सापडलं नव्हतं, पण बोळ ठरला होता. आता ही पावसातली खेप म्हणजे पाहणी, असं अण्णांनी जाहीर केलं. पाणी कुठे तुंबतं, कुठली भिंत गळते, हे पावसातच कळतं.

"अण्णा, तिथे खोली एकाच माणसाची आहे."

"म्हणून तर दुसरी बघायची."

"मी राहीन ना एकटी."

"का राहशील? आम्ही असताना का राहशील?" त्यांना खरोखरच कळत नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर इतका भाबडा गोंधळ होता की ताई उठून ताटं मांडायला लागली.

परदेशातल्या धाकट्याला फोन लावला गेला. तो म्हणाला, "वा, बेस्ट! सगळे एकत्र राहा, म्हणजे मला इकडे घोर नाही." घोर नाही म्हणे! बारा वर्षांपूर्वी विमानात बसला तेव्हा याला कोणी 'आम्हीही येतो' म्हटलं नव्हतं. याच्या दाराला कड्या असतील चार. ताईने फोन अण्णांच्या हातात दिला आणि न्हाणीघरात जाऊन कडी लावली. सात मिनिटांनी खाकरणं आलं.

आता गंमत ऐका. हे सगळं चालू असताना परतीची तीन तिकिटं अण्णांनी केव्हाच काढून ठेवली होती, स्थलांतर ठरल्यावरही ती तशीच ठेवली, कारण पाहणी करून परत यायलाच हवं. जागाही फार चांगल्या, पुढच्या, आईसाठी खिडकीची. मग 'हुकले तर'चा रकाना पुरा झाला. मग बुधवारी, म्हणजे निघायला चार दिवस उरले असताना, ते जाण्याची तिकिटं काढायला गेले. पावसाळ्यात त्या घाटातून दिवसाला एकच गाडी सोडतात, सकाळी सातची. चौतीस वर्षं वेळापत्रक लिहिलेल्या माणसाला हे माहीत नव्हतं असं नाही. पण जाणारी गाडी काय, कोणीही सोडेल!

ते परत आले तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता. "रविवारच्या गाडीत एकच जागा उरलीय. बाकी दोन थेट बुधवारच्या."

एक जागा! रविवारी सकाळी निघालं की संध्याकाळी तिथे. सोमवारी नऊला मशीनवर.

"मग मी पुढे जाते, अण्णा," ती म्हणाली. आवाज शक्य तितका साधा ठेवला. "तुम्ही दोघं बुधवारी या."

"तू? एकटी? अकरा तास? घाटातून? या पावसात?" प्रत्येक प्रश्नाला त्यांचा आवाज एक पायरी वर चढला.

"मी एक्केचाळीस वर्षांची आहे."

"म्हणूनच म्हणतो, या वयात नसती धडपड नको." मग त्यांचा चेहरा एकदम खुलला. "मी जातो पुढे! घर बघून ठेवतो, रस्ता बघून ठेवतो. सोमवारी नऊला डॉक्टरांना मीच भेटतो ना. सांगतो, ताई गुरुवारपासून येईल. तीन दिवसांनी कोणाचं काय अडतंय? तुझी ती खोलीही बघून घेतो."

"अण्णा, सोमवारी मीच हवी आहे त्यांना. मी नसले तर ती दुसरी..."

"अगं, माणसाने माणसाला नीट समजावून सांगितलं की सगळं होतं. तू काळजी सोड." आणि ते तिकीट त्यांनी फाइलच्या पहिल्या पानाला टाचणीने लावलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात ताईने दोन काचा तडकवल्या. पाठोपाठ, एकाच तासात. मालक मागच्या खोलीत आला, तुकड्यांकडे बघितलं, ताईकडे बघितलं आणि पहिल्यांदाच एक अक्षर न बोलता परत गेला. ताई चाक बंद करून स्टुलावर बसून राहिली. डोळ्यांसमोर चित्र येत होतं. डॉक्टरीणबाईच्या समोर अण्णा बसलेत, फाइल उघडलीय, तक्ता दाखवतायत. मशीनवर ती दुसरी उभी आहे. आणि मग पुढची सगळी वर्षं, या बोळात किंवा त्या बोळात, आपले पाय आणि त्यांना वळसा घालून जाणारी पावलं. तिला हवा पुरेना झाली.

त्या संध्याकाळी अण्णा भाजी आणायला खाली गेलेले. आई कपड्यांच्या घड्या घालून बॅगेत भरत होती. सगळ्यात वर तिने आपली ती रबरी चप्पल कागदात गुंडाळून ठेवली होती. ताई दारात उभी राहिली.

"आई, मला एकटीला जायचंय."

आईचे हात थांबले नाहीत.

"तुमच्याशिवाय जायचंय. अण्णांशिवाय आणि तुझ्याशिवाय. तुम्ही वाईट आहात म्हणून नाही. तुम्ही फार चांगले आहात, तेच तर... मला श्वास घेता येत नाही गं. मी इथे राहिले तर मरेन, आणि मेलेली कुणाला कळणारसुद्धा नाही, तुम्ही पांघरूण सारखं करत राहाल." बोलून झाल्यावर ती स्वतःच हादरली. असलं काही ती आईला बोलेल हे तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

आईने हातातली घडी पुरी केली. बॅगेत ठेवली. वरून हात फिरवला.

"बरं," ती म्हणाली. बस, एवढंच. आणि उठून गॅस पेटवायला गेली.

शनिवारी सकाळी न्हाणीघरातून 'आई गं!' अशी किंकाळी आली. अण्णा आणि ताई धावले. आई बादलीशेजारी वाकलेली, एक हात भिंतीला, एक कमरेवर. सरळ होईना. दोघांनी धरून तिला पलंगावर आणलं. हात लावला की विव्हळायची, कूस बदलली की विव्हळायची. कोपऱ्यावरचे डॉक्टर आले. त्यांनी पाय उचलून बघितले, कंबर दाबून बघितली आणि म्हणाले, "कमरेचं काही सांगता येत नाही. पंधरा दिवस पलंगावरून उठायचं नाही. मग बघू."

अण्णांनी हातपायच गाळले. त्यांनी फाइल मिटली. "सगळं रद्द," ते म्हणाले.

"सगळं का?" आई उशीतून बोलली. "तुमच्या डेपोत एक गाडी बंद पडली की बाकीच्या उभ्या करून ठेवायचात?"

"नाही, पण..."

"मग हिला का थांबवताय? हिला काय झालंय? तिकीट आहे, जाऊ दे तिला."

"तसं असेल तर ती तुझ्याजवळ थांबेल, मी जाऊन डॉक्टरांना..."

"अहो, मला उठवायला, बसवायला तिच्यात बळ आहे का? काडीसारखे हात तिचे." आईचा आवाज रडवेला झाला. "आणि मला तुम्ही हवेत जवळ. चव्वेचाळीस वर्षांत कधी काही मागितलं का मी?"

अण्णा विरघळले. तिच्या पायाशी बसले आणि त्यांनी तिचा हात हातात घेतला. संध्याकाळपर्यंत आईच्या पलंगावरच्या भिंतीला नवा तक्ता लागला. सहाला गोळी, साडेसहाला शेक, आठला कूस बदलणे, साडेआठला पुन्हा शेक. शेवटचा रकाना 'हुकले तर'.

ताई त्या तक्त्याखाली बसून होती. तिच्या डोक्यात एकच गोष्ट घण घालत होती. आपण बोललो म्हणून हे झालं. आपण तोंड उघडलं, आईला ते लागलं आणि ती अंथरुणाला खिळली. मला एकटीला जायचंय! जा आता. आईला अशी टाकून कोणती मुलगी जाते? मनातल्या मनात तिने सोमवारचे नऊ वाजवले, मशीनवर त्या दुसरीला उभं केलं आणि विषय संपवला. अण्णा मात्र तिची पिशवी भरत राहिले. आईने सांगितलं होतं ना! एकटीने कसं जायचं हे ते तिला तीन वेळा समजावून गेले. तिने एकाही शब्दाकडे लक्ष दिलं नाही.

रविवारी सहा वाजता बाहेर पाऊस मी म्हणत होता. आईला गोळी देऊन, शेकाची पिशवी कमरेखाली नीट सरकवून अण्णा छत्री घेऊन खाली रिक्षा बघायला गेले. ताई पलंगाच्या कडेला बसली.

"आई, मी जात नाहीये," ती म्हणाली. "डॉक्टरांना आत्ताच फोन करून सांगते. त्या दुसरीला घेऊ देत." आणि तिने फोन उचलला.

आईने खटकन तिचं मनगट धरलं. आणि मग ती उठून बसली. हात न टेकता, सरळ, ताठ, दोन्ही पाय पलंगाखाली सोडून.

"ठेव तो फोन."

"आई! अगं, तुझी कंबर..."

"ओरडू नकोस. जिन्यात ऐकू जातं." आईने कान देऊन अंदाज घेतला. "कंबर धड आहे माझी. तुझ्याहून धड आहे."

ताई नुसती बघत राहिली.

"बघतेस काय अशी? मी आले असते तर हे आले असते. आणि हे आले असते म्हणजे संपलंच. यांना घरात अडकवून ठेवायला मला दुसरं काय सुचणार?"

"पण तू... किती दिवस अशी पडून राहणार आहेस?"

"तू रुळेपर्यंत. पुढच्या सोमवारी तू परत आली नाहीस की हे तुला आणायला निघतील. तेव्हा जास्त दुखेल." आईने भिंतीवरच्या तक्त्याकडे एक नजर टाकली आणि तोंड वाकडं केलं. "सवय आहे मला. पण त्या आठच्या कूस बदलण्याने मात्र जीव जातो गं. काल झोप लागली होती, तरी यांनी उठवून बदलली."

ताईला हसू आलं आणि हसता हसता ते रडण्यात गेलं. तिने आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं. "तुला समुद्र बघायचा होता ना," ती म्हणाली. "तू सहासष्ट वर्षं थांबलीस. आणि मी तुला तसलं बोलले."

ताईच्या पाठीवर फिरणारा आईचा हात थांबला.

"तू बोललीस ते बरं झालं," ती म्हणाली. "मला वाटायचं, श्वास मलाच पुरत नाही. वयाने असेल, म्हणायचे मी."

ताईने मान वर केली. आई तिच्याकडे बघत नव्हती. पावसाने पांढऱ्या झालेल्या खिडकीकडे बघत होती.

"तू आधी तुझं बस्तान बसव. घाई करू नकोस," आई म्हणाली. मग एकदम वळून तिने ताईचा चेहरा दोन्ही हातांत धरला, दुखेल इतका घट्ट. "आणि मग मला बोलाव. मला एकटीला बोलाव. कळलं का तुला? एकटीला."

जिन्यात छत्री झटकल्याचा आवाज आला. मग पावलं, एकेक पायरी मोजत येणारी. आईने पाय वर घेतले, आडवी झाली, शेकाची पिशवी कमरेखाली ओढली आणि डोळे मिटले.

"बोलावशील ना?" ती मिटल्या डोळ्यांनी पुटपुटली. दार ढकललं गेलं तसं तिने कण्हायला सुरुवात केली.

"रिक्षा मिळाली, चल, उशीर नको," अण्णा म्हणाले. मग ते पलंगाजवळ गेले, वाकून त्यांनी आईचं पांघरूण सारखं केलं आणि काळजीने ताईकडे बघितलं. "फार दुखतंय गं हिला."

"हो, अण्णा," ताई म्हणाली. "फार दुखतंय." आणि पिशवी उचलून ती जिना उतरायला लागली.